स्लॅबमधलं भोक कुणाचं?

रस्त्यानं जाताना एखादी नवी इमारत उभी राहताना दिसते. कॉलम वर चढलेले असतात, स्लॅब पडलेले असतात, विटांचं काम चालू असतं. त्या स्लॅबना मुद्दाम ठेवलेली भोकं मात्र आपल्याला दिसत नाहीत. पण घरात राहायला गेल्यावर आपलं निम्मं सुख त्यांच्यावरच अवलंबून असतं. संडासाचा पाईप खाली जातो तो भोकातून, गच्चीवरच्या टाकीचं पाणी खाली उतरतं ते भोकातून, विजेच्या केबल, आग विझवण्याच्या पाण्याचा पाईप, वातानुकूलनाची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट, सगळ्यांना एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायचं तर मधल्या स्लॅबला भोक हवं. एखाद्या मोठ्या रुग्णालयात अशी शेकडो भोकं असतात.

ही भोकं कुठं ठेवायची, किती मोठी ठेवायची आणि ती ठेवायला कुणी कुणाला विचारायचं, याबद्दल आज बोलायचं आहे. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए. स्लॅबचा आणि माझा संबंध डोक्यावरच्या छपरापुरता. पण माझा एक भाचा पुण्यात इमारतींची संगणकी मॉडेल करणाऱ्या कार्यालयात काम करतो. परदेशातल्या इमारतींचं असं काम पुण्यात बरंच होतं. त्याच्याकडून हा विषय ऐकला आणि मग स्वतः थोडं वाचलं, चार साइटवर जाऊन पाहिलं.

या कामात दोन माणसं असतात, आणि दोघांचंही म्हणणं रास्त असतं. एक म्हणजे इमारतीचा सांगाडा ठरवणारा अभियंता. आपल्याकडे त्याला सरळ आरसीसीवाला म्हणतात. दुसरा पाणी, सांडपाणी, वीज, हवा यांची व्यवस्था करणारा, म्हणजे सर्व्हिसेसवाला. सर्व्हिसेसवाल्याला भोक हवं असतं. आरसीसीवाल्याला ते नको असतं.

का नको असतं? स्लॅब म्हणजे नुसता काँक्रीटचा थर नव्हे. त्याच्या पोटात लोखंडी सळयांची जाळी असते. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. ताण घेतात त्या सळया. समजा, 500 बाय 300 मिलिमीटरचा एक डक्ट खाली न्यायचा आहे. त्याच्याभोवती 25 मिलिमीटरचं उष्णतारोधक आवरण असतं, म्हणजे तो झाला 550 बाय 350. भोवती हात फिरवायला आणि फट बुजवायला चारी बाजूंनी 50 मिलिमीटर सोडले की भोक झालं 650 बाय 450. स्लॅबमध्ये दर 150 मिलिमीटरवर एक सळई असेल, तर या भोकानं एका दिशेच्या चार-पाच सळया तोडल्या. तुटलेल्या सळयांचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. म्हणून तेवढ्याच जादा सळया भोकाच्या दोन्ही अंगांना वाटून टाकतात. त्या भोकाच्या कडेपाशी संपवून चालत नाही. 10 मिलिमीटर जाडीची सळई असली तर ती साधारण अर्धा मीटर पलीकडे न्यावी लागते, तेव्हा तिला काँक्रीटमध्ये पक्की पकड मिळते. शिवाय चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून तिरकी तडा जायची शक्यता असते, म्हणून तिथे तिरप्या सळया. हे सगळं काँक्रीट ओतण्याआधी करायचं. ओतल्यानंतर यातलं काहीही करता येत नाही.

त्यातही जागेजागेत फरक आहे. हल्ली वाहनतळ, कार्यालयं, रुग्णालयं यांत बीम नसलेले सपाट स्लॅब असतात. ते थेट कॉलमवर टेकतात. असा स्लॅब कॉलमपाशी सगळ्यात हळवा. छत्रीची काडी कापड फाडून वर यावी, तसा कॉलम स्लॅब फाडून वर येण्याचं भय असतं. आपल्याकडे काँक्रीटच्या बांधकामासाठी आयएस 456 हे मानक आहे, सन 2000 चं. ते सांगतं की सपाट स्लॅबमध्ये दोन मजबूत पट्टे कॉलमवर जिथे एकमेकांना छेदतात, तिथे वेगळं गणित मांडल्याशिवाय पट्ट्याच्या रुंदीच्या एक अष्टमांशाहून मोठं भोक ठेवू नये. चार कॉलमांच्या मधोमध मात्र हवं तेवढं मोठं ठेवा, फक्त तुटलेलं लोखंड भरून द्या. कॉलमपासून स्लॅबच्या जाडीच्या दहापट अंतरात भोक असेल तर कॉलमभोवतीची ताकद मोजताना तेवढा भाग वजा करायचा, असंही त्यात आहे. 200 मिलिमीटरचा स्लॅब असेल तर हे अंतर झालं दोन मीटर. आणि गंमत अशी, की पाईप उभे न्यायला सगळ्यांना कॉलमचाच आडोसा आवडतो. तिथे ते दिसत नाहीत ना!

आता सर्व्हिसेसवाल्याची बाजू. आरसीसीवाला म्हणतो, "भोक अर्धा मीटर सरकव." पाण्याचा पाईप सरकेल, कारण त्यातलं पाणी दाबानं जातं. केबलही वळेल. संडासाचा पाईप सरकत नाही. त्यातला ऐवज जातो तो नुसत्या उतारावर. आडव्या पाईपला मीटरला एक-दोन सेंटिमीटर तरी उतार लागतो. भोक लांब गेलं की आडवा पाईप लांबतो, पाईप लांबला की त्याचं टोक खाली उतरतं आणि खालच्या घराच्या फॉल्स सीलिंगमधून बाहेर डोकावतं. उतार कमी केला तर पाईप तुंबतो. म्हणजे 110 मिलिमीटरच्या एका पाईपपायी कधी कधी सबंध बाथरूमची मांडणी बदलावी लागते.

पूर्वी हा वाद कागदावर सुटायचा. एकाचा नकाशा ट्रेसिंग पेपरवर, दुसऱ्याचा ट्रेसिंग पेपरवर, दोन्ही एकावर एक ठेवायचे आणि खालून दिवा लावायचा. निदान तसं करावं अशी अपेक्षा असायची. साइटवर सेंटरिंग झालं, लोखंड बांधून झालं की प्लंबर येई, जिथे पाईप जायचा तिथे पीव्हीसीचा तुकडा उभा करी किंवा थर्माकोलचा ठोकळा ठेवी. काँक्रीट ओतताना मजुराच्या पायानं थर्माकोल सरकला की भोकही सरकलं. आणि पुष्कळदा तर प्लंबरची नेमणूकच स्लॅब पडल्यानंतर होई. मग कोअर कटिंगचं यंत्र आणायचं, हिऱ्याच्या दाण्यांचं गोल पातं लावायचं आणि झालेला स्लॅब भोसकायचा. यंत्राला काँक्रीट आणि लोखंड यांत फरक कळत नाही. गोल तुकडा बाहेर निघतो तेव्हा त्याच्या अंगात कापलेल्या सळईची चकचकीत टिकली दिसते. साइटवर ती पाहून कुणाला काही वाटत नाही, हे मी पाहिलं आहे. आम्ही पूर्वी राहत होतो त्या इमारतीतही बाथरूमचं भोक असंच मागाहून पाडलेलं होतं. त्याच्या कडेनं दोन पावसाळे खालच्या घरात पाणी ठिबकत होतं आणि वरचे-खालचे एकमेकांशी बोलेनासे झाले होते. दोष दोघांपैकी कुणाचाच नव्हता.

स्लॅब ताण दिलेल्या तारांचा, म्हणजे पोस्ट टेन्शनचा असेल तर मागाहून भोक पाडणं सरळ जिवावरचं काम आहे. त्याच्या पोटातली सात पदरांची एकेक दोरी जेमतेम बोटाएवढी, 12.7 मिलिमीटरची असते आणि ती तेरा-चौदा टनांच्या ताणानं ओढलेली असते. पात्यानं ती तुटली तर नुसती सळई तुटल्यासारखं होत नाही. म्हणून तिथे आधी रडारसारख्या यंत्रानं दोऱ्या शोधतात, खुणा करतात आणि मगच हात लावतात.

आता मॉडेलकडे येऊ. हल्ली मोठ्या इमारती आधी संगणकात बांधतात. याला म्हणतात बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, थोडक्यात बिम. साइटवरच्या बीमशी याचा घोटाळा करू नका, जरी माझा पहिल्यांदा ऐकताना झाला होता. या मॉडेलमध्ये पाईप म्हणजे दोन रेघा नसतात. तो पाईप आहे, इतक्या व्यासाचा आहे, इतक्या उंचीवर आहे, हे त्याचं त्याला ठाऊक असतं. पण इमारतीचं मॉडेल एकच असतं असं समजू नका. आर्किटेक्टचं वेगळं, आरसीसीवाल्याचं वेगळं, सर्व्हिसेसवाल्याचं वेगळं. प्रत्येकजण आपल्या मॉडेलमध्ये दुसऱ्याचं मॉडेल काचेमागून पाहावं तसं पाहू शकतो. त्याला हात लावू शकत नाही. हे बरोबरच आहे. सांगाड्याची जबाबदारी ज्याच्या सहीवर आहे, त्याच्या स्लॅबला दुसऱ्यानं परस्पर भोक पाडून कसं चालेल?

पण अडचणही इथेच सुरू होते. सर्व्हिसेसवाल्याच्या मॉडेलमध्ये पाईप आहे, भोक नाही. आरसीसीवाल्याच्या मॉडेलमध्ये भोक आहे, पाईप नाही. मग ते भोक नक्की कुणाचं?

भाच्याला मी हेच विचारलं. तो म्हणाला, "मामू, यावरच तर आमचा पगार निघतो."

त्यानं सांगितलं ते असं. एक रीत म्हणजे सर्व्हिसेसवाल्यानं आपल्या प्रतीत भोक काढून टाकायचं. त्याला ते दिसतं, तो निर्धास्त होतो. आरसीसीवाल्याला त्याचा पत्ता नसतो, आणि लोखंड तर त्याच्याच नकाशावरून बांधलं जातं. दुसरी रीत म्हणजे आरसीसीवाल्यानं पाईप पाहून भोकं पाडत जायचं. ही बरी वाटते. पण पुढच्या आठवड्यात पाईप सरकतो आणि भोक तिथंच राहतं. आता पाईपला भोक नाही आणि भोकाला पाईप नाही.

तिसरी रीत त्यांच्याकडे चालते, आणि मला ती पटली. सर्व्हिसेसवाला भोक पाडत नाही, भोक मागतो. जिथं हवं तिथं तो आपल्या मॉडेलमध्ये रंगीत ठोकळा ठेवतो. ठोकळ्याला क्रमांक असतो. त्यातून काय जाणार, माप किती, मजला कुठला, मागणारा कोण, हे सगळं त्याला चिकटवलेलं असतं. आरसीसीवाला प्रत्येक ठोकळा पाहतो आणि तीनपैकी एक उत्तर देतो: मंजूर, नामंजूर, किंवा इतकं सरकवलं तर मंजूर. मंजूर झालं की तो स्वतःच्या मॉडेलमध्ये, स्वतःच्या हातानं भोक पाडतो आणि भोवतीचं लोखंड काढतो. म्हणजे भोक ही आधी मागणी असते, मग उत्तर असतं, आणि मग ते भोक होतं. अर्ज केल्याशिवाय दाखला नाही, तसं.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणक प्रणालींना एकमेकींची भाषा कळावी म्हणून आयएफसी नावाची एक सामाईक मांडणी आहे. 2013 मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यात भिंत, स्लॅब, खिडकी यांना जशी स्वतंत्र ओळख आहे तशी भोकालाही आहे. प्रत्येक भोकाला बावीस अक्षरांचा स्वतःचा ओळख क्रमांक मिळतो. एवढंच नाही, अजून न पडलेल्या, नुसत्या मागितलेल्या भोकासाठीही तिच्यात वेगळी संज्ञा आहे. तिचा अर्थ 'पोकळीची तरतूद'. पुष्कळ कवींना पोकळीवर लिहिताना पाहिलं, तिला क्रमांक देताना पहिल्यांदाच पाहिलं.

या ओळख क्रमांकाचा उपयोग तपासणीत होतो. संगणक पाईप आणि स्लॅब यांची टक्कर शोधून देतो, पण भोळेपणानं शोधायला लावलं तर तो स्लॅबमधून जाणारा प्रत्येक पाईप टक्कर म्हणून दाखवतो. हजारो ओळींची यादी निघते, आणि ती कुणी वाचत नाही. खरे प्रश्न चारच विचारायचे असतात. कुठला पाईप ठोकळ्याविना स्लॅबमधून जातो? कुठला ठोकळा आता रिकामा आहे? कुठला ठोकळा पाईपच्या मानानं लहान पडतो? आणि कुठला ठोकळा मंजुरीनंतर हलला?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मंजुरी मिळालेला ठोकळा मॉडेलमध्ये हिरवा दिसतो. मग कुणीतरी डक्ट मोठा करतो, ठोकळाही ताणून मोठा करतो, आणि हिरवा रंग तसाच राहतो. पाहणाऱ्याला वाटतं, आरसीसीवाल्यानं पाहिलेलं आहे. त्यानं पाहिलं होतं ते 650 मिलिमीटरचं भोक. आता तिथे 900 चं आहे. म्हणून त्यांच्याकडे मंजुरीच्या दिवशीचं माप आणि जागा वेगळी नोंदवून ठेवतात. दोन्हीत फरक पडला की ठोकळा आपोआप पुन्हा 'प्रलंबित' होतो.

आणखी एक चूक वारंवार होते आणि ती फार साधी आहे. आर्किटेक्टची जमिनीची पातळी फरशीच्या वरच्या अंगाला असते, आरसीसीवाल्याची स्लॅबच्या वरच्या अंगाला. मध्ये सात-आठ सेंटिमीटरचा मसाला आणि फरशी. ठोकळा पहिल्या पातळीला टांगला असेल आणि तो बेताच्या उंचीचा असेल, तर तो स्लॅबच्या आत अर्धवटच शिरतो. मग मॉडेलमध्ये जे होतं ते आरपार भोक नसतं, खळगा असतो. वरून पाहिलं तर मात्र अगदी भोकासारखाच दिसतो.

आता रिकाम्या ठोकळ्यांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण मला वाटतं सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे. पाईप दुसरीकडे गेला आणि जुनं भोक मॉडेलमध्ये तसंच राहिलं, तर कार्यालयात बसलेल्याला ती एक क्षुल्लक नोंद वाटते. पण नकाशात आहे म्हणजे साइटवर ते भोक ठेवलं जातं. ज्या भोकातून पाईप जायचा असतो, त्याच्याकडे प्लंबर येतो, ते झाकतो, उघडतो, बुजवतो. ज्यातून काहीच जायचं नाही, त्याच्याकडे येणारच कोण? ते उघडं राहतं. त्यावर कुणीतरी सिमेंटची रिकामी गोणी किंवा प्लायवूडचा तुकडा टाकतो. संध्याकाळच्या अंधारात डोक्यावर घमेलं घेतलेली बाई त्या प्लायवूडवर पाय ठेवते. बांधकाम कामगारांसाठी 1996 चा कायदा आला, 1998 चे नियम आले, आणि अशा उघड्या जागा झाकाव्यात किंवा त्यांना कठडा लावावा हे त्यांत होतं. पण झाकायचं कुणी, हे ठरायला ते भोक कुणाचं हे आधी ठरलेलं असावं लागतं.

भोक वापरात आलं तरी त्याची गोष्ट संपत नाही. पाईप आणि स्लॅब यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून आग आणि धूर वर चढतो. अमेरिकेत लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलला 21 नोव्हेंबर 1980 रोजी आग लागली. आग होती खालच्या मजल्यावर. 85 माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक वरच्या मजल्यांवर, धुरानं गुदमरून. लिफ्टच्या उभ्या बोळातून, जिन्यांतून, बांधकामातल्या उभ्या फटींतून तो धूर चढला होता. त्याआधी 1975 च्या मार्चमध्ये अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात केबलभोवतीची फट नीट बुजली आहे की हवा गळते आहे, हे पाहायला एका कामगारानं तिथे मेणबत्ती धरली. फट बुजवायला वापरलेला फोमच पेटला. सुमारे सात तास आग चालली, सोळाशेच्या वर केबल जळाल्या. ती फट भिंतीतली होती, पण नियम स्लॅबलाही तोच: भिंत किंवा स्लॅब आगीला जितका वेळ थोपवतो, तितकाच वेळ त्यातलं बुजवलेलं भोकही थोपवू शकलं पाहिजे. आपल्या 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेचंही हेच म्हणणं आहे.

आता बुजवायचं कशानं, हे आतून काय जातं त्यावर ठरतं. पीव्हीसीचा पाईप आगीत वितळून जातो आणि भोक मोकळं होतं. म्हणून त्याला असा पट्टा लावतात की जो उष्णतेनं फुगतो आणि मऊ पडलेला पाईप चिरडून वाट बंद करतो. पत्र्याच्या डक्टला आतून झडप लागते, आग लागताच ती मिटते. केबलसाठी आणखी वेगळी लुकण. ठोकळ्याला 'यातून काय जाणार' हे चिकटवलेलं असेल, तर ही यादी मॉडेलमधूनच निघते. नसेल तर साइटवरचा माणूस हाताशी असलेला मसाला थापतो.

भाच्याच्या कार्यालयात सध्या आखाती देशातल्या एका रुग्णालयाचं काम चालू आहे. प्रत्येक मजल्याचा स्लॅब पडण्याच्या काही आठवडे आधीची एक तारीख ठरलेली असते. त्या तारखेनंतर ठोकळा ठेवता येत नाही असं नाही. ठेवता येतो, पण त्याचा रंग जांभळा होतो आणि सोबत दोन रकाने उघडतात. काँक्रीट पडल्यावर तिथे कोअर कटिंग करता येईल का, याचं उत्तर पहिल्या रकान्यात आरसीसीवाल्यानं लिहायचं. त्याचा खर्च कोण देणार, हे दुसऱ्यात मागणाऱ्यानं लिहायचं. तो दुसरा रकाना आल्यापासून जांभळे ठोकळे फार कमी झाले, असं भाचा सांगत होता.